हिब्रू अक्षरे कोण वाचत होते?

टेंभी नाक्यावरच्या देवीच्या रांगेत मी शाळेत असल्यापासून उभी राहत आले आहे. नवरात्राचे नऊ दिवस नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीच्या अंगालाच एक जुनी इमारत आहे. तिचे नाव 'शाआर हाशामाइम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. १८७९ साली बेने इस्राएलांनी बांधलेले हे सिनेगॉग. आमच्या लहानपणी वाड्यातले जुने लोक तिला 'इस्राएलांची मशीद' म्हणत आणि त्यात कोणालाच काही खटकत नसे. तिथून चालत तलावपाळीला गेले की मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च लागते. इंग्रजांचे सेंट जेम्स चर्चही ठाण्यातच आहे. बिशप हेबर यांनी १८२५ च्या जुलैत त्याचा प्रतिष्ठापनविधी केला.

तीन वास्तू, आणि आपण हिशेब करतो तो असा : एक यहुद्यांची, दोन ख्रिस्त्यांच्या. पण नावे नीट वाचली तर हिशेब बिघडतो. बाप्तिस्मा देणारा योहान हा जेरुसलेमच्या मंदिरातल्या एका याजकाचा मुलगा. 'ख्रिस्ती' हा शब्द निघायच्या आधीच हेरोदाने त्याचे शिर उडवले होते. जेम्स म्हणजे मराठी बायबलातला याकोब, इस्राएलाच्या मूळपुरुषाचेच नाव धारण करणारा. म्हणजे ठाण्यातल्या या दोन्ही चर्चना ज्यांची नावे आहेत ते दोघेही जन्माने, आचाराने आणि मरणानेही यहुदी होते.

हे मला आज सुचते आहे. वीसेक वर्षांपूर्वी सुचले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्या सुमारास एका स्थानिक स्मरणिकेसाठी मी 'कल्याणचा पहिला ख्रिस्ती' या नावाचा लेख लिहिला होता. तेव्हा मी बँकेत कॅशियर होते. संशोधनाचे शिक्षण म्हणाल तर काही नाही. शनिवारी अर्धा दिवस काम आटोपले की ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे आणि मिळेल ते वाचायचे, एवढीच माझी विद्यापीठे. लेखाचा गाभा असा होता की, येशूच्या बारा शिष्यांपैकी बर्थलमय हा पहिल्या शतकात समुद्रमार्गे कल्याण बंदरात उतरला, इथे त्याने धर्म सांगितला आणि मत्तयाचे शुभवर्तमान मागे ठेवून गेला. स्मरणिकेच्या मानाने लेख बराच गाजला. पुढे त्यातली वाक्ये दोन-तीन ठिकाणी जशीच्या तशी छापून आलेली मी पाहिली. माझे नाव नव्हते याचे तेव्हा वाईट वाटले होते. आता बरे वाटते.

लेख वाचून आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका बेने इस्राएल काकांनी मला बोलावून घेतले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, घरात मराठीच बोलणारे. चहा झाल्यावर त्यांनी लेखातल्या एका वाक्यावर बोट ठेवले. "अगं, इथे तू लिहिलंयस, मत्तयाचं पुस्तक हिब्रू अक्षरांत होतं. मग कल्याणात ती अक्षरं वाचणारं कोण होतं?"

मी म्हटले, "काका, ते मूळ ग्रंथातच तसं आहे."

"असेल गं. पण तू लिहिलंस ना? मग तू सांग. ज्याच्या हातात ते पुस्तक होतं तो कोण? ख्रिस्ती, की आमच्यातला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. काका आता नाहीत. पण त्या प्रश्नाने मला गेली वीस वर्षे जितके वाचायला लावले तितके दुसऱ्या कशाने नाही.

तर आधी ती मूळ गोष्ट. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सीझेरियाचा बिशप युसेबियस याने 'चर्चचा इतिहास' लिहिला. त्याच्या पाचव्या भागात अलेक्झांड्रियाच्या धर्मशाळेचा प्रमुख पँटिनस याची हकीकत येते. इ.स. १८० च्या आसपासचा हा विद्वान. तो पूर्वेकडे धर्म सांगायला निघाला आणि हिंदुस्थानापर्यंत पोहोचला. तिथल्या काही लोकांकडे त्याला मत्तयाचे शुभवर्तमान आधीच असलेले सापडले. ते बर्थलमयाने त्यांना दिले होते आणि हिब्रू लिपीत होते. युसेबियस ही हकीकत 'असे म्हणतात' या शब्दांनी सांगतो, ही बाब माझ्या लेखात मी गाळली होती. पुढे शतक संपता संपता जेरोम हीच गोष्ट सांगताना तिच्यात भर घालतो. पँटिनसने ते पुस्तक अलेक्झांड्रियाला परत आणले आणि हिंदुस्थानच्या लोकांनीच वकील पाठवून त्याला बोलावले होते, असे तो म्हणतो. एका पत्रात तर पँटिनसला ब्राह्मणांकडे पाठवले होते असेही लिहितो. गोष्ट जितकी जुनी होत जाते तितके तिला तपशील फुटत जातात. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही गोष्ट कल्याणशी जोडली ती विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी. जेझुइट फादर ए. सी. पेरुमालिल आणि इतिहासकार जॉर्ज मोराएस हे त्यातले प्रमुख. दोघेही गंभीर अभ्यासक, आणि मोराएस यांचा कोकण-कर्नाटकच्या इतिहासाचा व्यासंग वादातीत आहे. त्यांचा युक्तिवाद दोन खांबांवर उभा आहे. पहिला असा : काही जुन्या ग्रीक-लॅटिन नोंदींत बर्थलमय 'सुखी' म्हणवल्या जाणाऱ्या हिंदी लोकांकडे गेला असे येते. सुखी म्हणजे कल्याण, म्हणून ते कल्याणचे लोक. दुसरा असा : बर्थलमयाच्या हौतात्म्याच्या कथेत पॉलिमियस नावाचा राजा येतो. पॉलिमियस म्हणजे सातवाहनांचा पुळुमावी.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हरखून गेले होते. नाशिकच्या लेण्यांत ज्याचा शिलालेख मी स्वतः पाहिला तो पुळुमावी! आज हेच दोन खांब मला सर्वांत कच्चे वाटतात. 'सुखी' हे विशेषण ग्रीक-लॅटिन लेखकांनी शतकानुशतके एका ठरलेल्या प्रदेशाला लावले आहे, तो म्हणजे 'सुखी अरबस्तान', आजचा येमेन. आणि त्या काळी 'इंडिया' हा शब्द इतका सैल होता की येमेन, इथिओपिया, सिंध, केरळ सगळे त्यात मावत. शिवाय दक्षिण अरबस्तानात यहुद्यांच्या वस्त्या होत्या. तेव्हा 'सुखी हिंदी लोक' म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी येमेन यायला हवा. कल्याण येते ते आपण संस्कृत जाणतो म्हणून. युसेबियसच्या वाचकाला 'कल्याण' म्हणजे 'सुख' हे कळायचा संभवच नव्हता.

पुळुमावीचे तर कालगणितच जमत नाही. वासिष्ठीपुत्र पुळुमावी हा दुसऱ्या शतकातला. पैठणचा राजा म्हणून टॉलेमी त्याचा उल्लेख करतो, आणि टॉलेमीचा भूगोल दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. येशूबरोबर फिरलेला माणूस तोवर शंभरी उलटून गेलेला असणार. नावाचा ध्वनी जुळला म्हणून राजा जुळवायचा, ही खोड आपल्या सगळ्यांनाच आहे. मी तर तिच्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता.

तिसरी गोष्ट पेरिप्लसची. पहिल्या शतकाच्या मध्यातले ग्रीक खलाशांचे हे मार्गदर्शक पुस्तक. त्यात कल्याणचे नाव स्पष्ट आहे. मोठ्या सारगनाच्या काळी हे रीतसर व्यापारी बंदर होते, पण पुढे सांदनाच्या ताब्यात आल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून तिथे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो खलाशी सांगतो. म्हणजे ज्या दशकांत मी बर्थलमयाला कल्याणच्या धक्क्यावर उतरवले होते, नेमक्या त्याच सुमारास पश्चिमेच्या जहाजांना तिथे मज्जाव होता. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, माणूस भडोचहून चालतही येऊ शकतो. पण 'समुद्रमार्गे कल्याण बंदरात उतरला' हे माझे वाक्य छातीठोकपणे लिहिण्यासारखे नव्हते.

इथपर्यंत आलेले बरेच टीकाकार इथेच थांबतात. दंतकथा आहे, सोडून द्या. मला तेही पटत नाही. कारण बर्थलमय, इंडिया, राजा यांच्या नादात समर्थक आणि विरोधक दोघेही त्या गोष्टीतला एक शब्द ओलांडून जातात. काकांनी बोट ठेवले होते ते त्या शब्दावर.

हिब्रू अक्षरे.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियस नावाच्या बिशपने मत्तयाने हिब्रू भाषेत लेखन केल्याचे नोंदले आहे. आपल्या हाती असलेले मत्तयाचे शुभवर्तमान मात्र मुळात ग्रीकच, आणि मार्काचे पुस्तक समोर ठेवून लिहिलेले, असे आजचे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मग हिब्रू लिपीतले ते कोणते? जेरोम सांगतो की सीरियातल्या बेरोया, म्हणजे आजच्या अलेप्पोच्या 'नाझरेनी' लोकांकडे असे एक पुस्तक होते आणि त्याने ते उतरवून घेतले. हे नाझरेनी येशूला मशीहा मानत आणि मोशेचे नियमशास्त्रही पाळत. त्यांच्या शेजारी 'एबियोनी' नावाचा आणखी एक पंथ. त्यांची पहिली नोंद इ.स. १८० च्या सुमारास इरेनियस करतो, म्हणजे पँटिनसच्याच काळात. हे लोक सुंता करीत, जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करीत, फक्त मत्तयाचे शुभवर्तमान मानत आणि पौलाला तर धर्मबुडवा समजत. जेरोमला हे लोक आवडत नव्हते. ऑगस्टिनला लिहिलेल्या एका पत्रात त्याने त्यांचा निकालच लावला आहे : यांना यहुदीही व्हायचे आहे आणि ख्रिस्तीही, म्हणून हे दोन्ही नाहीत.

बिशपच्या खुर्चीजवळ बसून असा निकाल देणे सोपे. पण त्या माणसांच्या बाजूने पाहिले तर? दोन घरांत पाय ठेवून उभे आहोत, असे त्यांना वाटतच नव्हते. त्यांच्या मते घर एकच होते. 'ख्रिस्त' हा शब्द 'मशीहा'चे ग्रीक भाषांतर आहे, म्हणजे अभिषिक्त. अभिषिक्त राजाची वाट पाहणे हे यहुदी नसणाऱ्याला सुचण्यासारखे नाही. 'ख्रिस्ती' हा शब्द सगळ्या नव्या करारात मिळून फक्त तीनदा येतो आणि पौल आपल्या पत्रांत तो एकदाही वापरत नाही. स्वतःची ओळख देताना पौल सांगतो ती बन्यामीन वंशाचा, इब्री आईबापांचा, परूशी म्हणून.

बरे, हे पहिले अनुयायी सगळे एकसारखे होते म्हणावे तर तेही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्याच अध्यायात तंटा आहे : ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार. एकोणिसाव्या अध्यायात इफिसला पौलाला काही शिष्य भेटतात. त्यांना फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक असतो, पुढचे काहीच नाही. तलावपाळीच्या चर्चवरून जाताना मला हटकून हे डझनभर लोक आठवतात. जेरुसलेममध्ये येशूचा भाऊ याकोब मंडळीचा प्रमुख. त्याच्याविषयी अशी आख्यायिका की मंदिरात गुडघे टेकून प्रार्थना करून करून त्याचे गुडघे उंटासारखे घट्टे पडलेले झाले होते. इ.स. ६२ मध्ये महायाजकाने त्याला दगडमार करून मारवले, तेव्हा नियमशास्त्राबाबत कडक असलेले जेरुसलेमकरच त्याविरुद्ध तक्रार घेऊन गेले, असे यहुदी इतिहासकार जोसिफस लिहितो. याकोब त्यांना परका वाटत नव्हता, याहून मोठा पुरावा कोणता?

आणि मग अंत्युखियाची पंगत. ही गोष्ट मराठी माणसाला जितकी सहज कळेल तितकी युरोपातल्या पंडितांना कळत असेल का, अशी मला शंका आहे. पेत्र तिथे सुंता न झालेल्या, परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत होता. जेरुसलेमहून याकोबाकडची माणसे आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. त्याचे पाहून बाकीचे यहुदी उठले, बर्णबासुद्धा उठला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वतः हे सांगतो, आणि गोष्टीतून एकच बाजू ऐकू येते हे विसरू नये. भांडणारे तिघेही यहुदी, तिघेही येशूला मानणारे. वाद देवाविषयी नव्हता, कोणाच्या ताटाशेजारी कोणाचे ताट मांडायचे याविषयी होता. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. तेव्हा शहर पेटले ते त्याच प्रश्नावर : तो त्यांच्यात जेवला होता. श्रद्धा मनात असते, ती दिसत नाही. पंगत दिसते.

कॅथलिक धर्मगुरू आणि अभ्यासक रेमंड ब्राउन यांनी १९८३ साली एका निबंधात सुचवले की 'यहुदी ख्रिस्ती' आणि 'परराष्ट्रीय ख्रिस्ती' अशी दोन खोकी करणेच चूक आहे. यहुदी अनुयायांतच नियमशास्त्राविषयी निदान चार भूमिका होत्या आणि त्या प्रत्येकीला परराष्ट्रीय अनुयायीही मिळाले होते. यहुदी विद्वान डॅनियल बोयारिन २००४ च्या आपल्या ग्रंथात त्याच्या पुढे जातात. त्यांच्या मते ही सीमारेषा दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी, म्हणजे बिशपांनी आणि रब्बींनी मिळून, कित्येक शतके आखत नेली. बोयारिन यांचे सगळेच मला पटत नाही, पहारेकऱ्यांना ते जरा जास्तच श्रेय देतात. पण रेषा उशिराची होती याला पुरावा भरपूर आहे. इ.स. ३८६-८७ मध्ये अंत्युखियाचा क्रिसोस्तोम आपल्या लोकांवर प्रवचनांतून आग पाखडतो, कारण त्याचे ख्रिस्ती श्रोते यहुद्यांच्या नववर्षाला सिनेगॉगमध्ये शिंग ऐकायला जातात. लोक जात होते, म्हणून तर ओरडावे लागले.

या बाबतीत मराठी बायबल इंग्रजीपेक्षा प्रामाणिक आहे, हे मला फार उशिरा लक्षात आले. इंग्रजीत इसहाकाचा मुलगा जेकब आणि येशूचा भाऊ जेम्स अशी दोन नावे झाली. एक यहुदी वाटते, दुसरे इंग्लंडच्या राजाचे. मराठीत दोघेही याकोब. यहूदा वंश, यहूदाचे पत्र आणि दगा देणारा यहूदा इस्कर्योत हे सगळे मराठीत एकाच नावाने येतात, इंग्रजीत त्यांची तीन रूपे होतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला जे कानाला कळत नाही ते रविवारी मराठीत वाचन ऐकणाऱ्या आजीला आपसूक कळू शकते. कळते का, हा प्रश्न वेगळा.

आता पुन्हा पँटिनसकडे. त्याची गोष्ट अलेक्झांड्रियात का सांगितली गेली असेल? माझे मत असे आहे. अलेक्झांड्रियात एके काळी यहुद्यांची प्रचंड वस्ती होती. इ.स. ११५ ते ११७ च्या बंडात आणि त्यानंतरच्या कत्तलीत ती जवळजवळ पुसली गेली. तिथले सर्वांत पहिले येशूचे अनुयायी त्या वस्तीतलेच असणार, म्हणजे तेही तिच्याबरोबर गेले. पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियन ख्रिस्ती लोकांविषयी इतकी चमत्कारिक शांतता आहे ती त्यामुळे, असे काही अभ्यासक मानतात आणि मला ते पटते. साठेक वर्षांनी पँटिनस ज्या शाळेत शिकवत होता ती पुरती ग्रीक होती, ग्रीक तत्त्वज्ञान कोळून प्यालेली. अशा शाळेतला माणूस जगाच्या टोकाला जातो आणि तिथे त्याला काय सापडते? सोने नाही, मिरी नाही. हिब्रू अक्षरांतले शुभवर्तमान. जे आपल्या गावात उरले नाही ते दूरदेशी जपलेले सापडले, अशी ही गोष्ट आहे. ती कल्याणविषयी जितके सांगते त्याहून अधिक अलेक्झांड्रियाविषयी सांगते.

अशीच खूण तिसऱ्या शतकातल्या सीरियाक 'थॉमसची कृत्ये' या कथेत आहे. हिंदुस्थानला निघालेला थॉमस वाटेत एका राजाच्या घरच्या लग्नात जाऊन बसतो. तो आपल्या भाषेत गातो ते तिथे कोणालाच कळत नाही, कळते फक्त एका बासरीवाल्या मुलीला, कारण ती हिब्रू असते. कथाकाराच्या मनातले गणित उघड आहे : प्रेषित कुठेही गेला तरी त्याचे बोलणे पहिल्यांदा समजेल ते यहुदी माणसाला. हा त्या काळच्या कथनाचा संकेत म्हणायचा की खऱ्या अनुभवाची आठवण? मला वाटते दोन्ही. पण संकेताला पुरावा समजून त्यावर गावाचे नाव टाकता येत नाही.

काकांना मी पुढे एकदा विचारले होते, "मग ते पुस्तक तुमच्या पूर्वजांकडेच असेल का?" प्रश्नात माझा लोभ होता, बर्थलमय गेला तर निदान बेने इस्राएल तरी हाती लागावेत असा. ते हसले. "आमच्याकडे शमा सोडून काही उरलं नव्हतं, पोरी."

बेने इस्राएलांची परंपरा हेच सांगते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कोकणात तेल गाळणारे 'शनिवार तेली' म्हणून ते राहिले. शनिवार पाळणे, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना एवढे लक्षात राहिले. हिब्रू वाचणे राहिले नाही. त्यांना हिब्रू व्याकरण मराठीतून शिकायला मिळाले ते १८३२ साली, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या पुस्तकातून. मिशनऱ्यांना आशा होती की जुना करार हातात आला की हे लोक नव्याकडे वळतील. झाले उलटेच. बेने इस्राएलांनी हिब्रू घेतले, जुना करार घेतला आणि अधिक पक्के यहुदी झाले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची हग्गादा मराठी अर्थासह छापली गेली आणि पाच वर्षांनी टेंभी नाक्यावर सिनेगॉग उभे राहिले. पँटिनसच्या गोष्टीतल्या वाचकांच्या जागी त्यांना बसवणे म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आठवणीला खोटे पाडणे.

रेषा कोण आखतो, हे मात्र त्यांनी अंगावर सोसले आहे. त्यांच्यातच 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' अशी फळी होती, बेटीव्यवहार नव्हता. मग १९६२ साली इस्राएलमधल्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. कोकणात दोन हजार वर्षे शनिवार पाळला असे सांगणाऱ्यांना विचारले गेले, तुम्ही यहुदी कशावरून? १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर त्यांनी आंदोलन केले, तेव्हा ते मागे घेतले गेले. त्याच १९६२ साली इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ब्रदर डॅनियल यांचा खटला होता. पोलंडमधल्या यहुदी घरात जन्मलेला, नाझींच्या काळात यहुद्यांचे प्राण वाचवलेला आणि पुढे कॅथलिक संन्यासी झालेला हा माणूस म्हणत होता, धर्म ख्रिस्ती असला तरी मी यहुदी आहे. न्यायालयाने परतीच्या कायद्याखाली ते नाकारले. जेरोमच्या पत्रानंतर साडेपंधराशे वर्षांनी तोच निकाल, फक्त या वेळी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवरून.

या सगळ्यातून कल्याणच्या वाट्याला काय उरते? थोडे, पण भक्कम. इ.स. ५५० च्या सुमारास कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचाच व्यापारी, पुढे साधू झालेला, लिहितो की कल्लियाना या गावी इराणातून नेमलेला बिशप आहे. काही जण हे कल्लियाना केरळात शोधतात. पण कॉस्मस मिरीच्या 'मले' देशाची बंदरे वेगळी मोजतो आणि कल्लियानाला सिंध आणि सिबोर, म्हणजे बहुधा चौल, यांच्या रांगेत ठेवतो. तिथून तांबे-पितळ, लाकूड आणि कापड जाते म्हणतो. हे आपले कल्याण. त्या इराणी मंडळीची भाषा सीरियाक, म्हणजे अरामी भाषेचीच एक शाखा, येशूच्या बोलीची नातलग. त्यांचा जुना करार हिब्रूवरून सरळ सीरियाकमध्ये आणलेला होता, ग्रीकमधून फिरून आलेला नव्हता. आणि या मंडळीचा धागा सातआठशे वर्षांनी ठाण्यातही दिसतो. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, ते उतरले होते एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. नवरा-बायकोच्या भांडणात साक्ष द्यायला त्यांना काझीपुढे नेले आणि तिथून वाद धर्मावर गेला. पाश्चात्त्य लेखक त्या चौघांची नावे निगुतीने सांगतात. ज्या घरात ते उतरले त्या घरातली प्रार्थनेची भाषा कोणती होती, हे कोणाला विचारावेसे वाटत नाही.

स्मरणिकेतल्या लेखाची माझी प्रत मी परवा काढली. लाल पेनाने खोडायला बसले तर पहिल्या पानावर फारसे काही शिल्लक राहिले नाही. शीर्षक गेले, कारण पहिल्या शतकात कोणी कल्याणला आलाच असता तरी तो स्वतःला ख्रिस्ती म्हणाला नसता. बर्थलमय गेला, पुळुमावी गेला, धक्क्यावरचा प्रसंग गेला. कॉस्मसचा बिशप मी तळटीपेत टाकला होता, तो वर आणला. मत्तयाच्या हिब्रू अक्षरांचे वाक्य तेवढे राहू दिले, 'असे म्हणतात' हे शब्द जोडून, आणि समासात काकांचा प्रश्न लिहिला.

मलिद्याच्या दिवशी काका एलियाहू हन्नाबीच्या नावाने भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे असा प्रसाद घरी पाठवत. शुभवर्तमानात येशू सांगतो की, जो एलिया यायचा होता तो म्हणजे हा बाप्तिस्मा देणारा योहान. हे मी काकांना एकदा वाचून दाखवले होते. ऐकून ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तलावपाळीच्या देवळातला आणि आमच्या ताटातला एकच म्हणतेस?" मी म्हटले, "मी नाही, ते म्हणत होते." त्यांनी ताटातले केळे सोलून माझ्या हातात दिले आणि विषय बदलला.